वी यू आपटला तेव्हा इवातांनी खुर्ची सोडायला हवी होती का?

फावला_वेळ

निन्टेंडोच्या स्विच या गेम कन्सोलचा विषय निघाला की दोन वाक्यांत कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवातांचं नाव येतं, आणि येतं ते हळव्या सुरात. स्वतःचा पगार निम्मा केला, माणसं काढली नाहीत, आजारपणातही काम केलं. सगळं मान्य. पण स्विचच्या आधीचा, फसलेला वी यू हा कन्सोलसुद्धा त्यांच्याच कारकिर्दीत आला, हे सांगायची वेळ आली की सगळ्यांचे आवाज खाली जातात.

आकडे बघा. त्याआधीचा कन्सोल वी विकला गेला १० कोटी १६ लाख. त्याच्या मागून नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेला वी यू १ कोटी ३५ लाखांवर संपला. साधारण साडेसात वीमागे एक वी यू. निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या मोठ्या कन्सोलांत इतका कमी कुठलाच खपला नाही. एप्रिल ते जून २०१३ या तिमाहीत तर जगभरात मिळून १ लाख ६० हजार गेले. जगभरात!

जानेवारी २०१३ मध्ये इवातांनी गुंतवणूकदारांना शब्द दिला होता की येत्या आर्थिक वर्षात १०० अब्ज येन कामकाजी नफा करून दाखवू. १७ जानेवारी २०१४ ला त्याच वर्षाचा अंदाज बदलून ३५ अब्ज येन तोट्यावर आणला. वी यूच्या विक्रीचा अंदाज ९० लाखांवरून २८ लाखांवर. वर्ष संपलं तेव्हा तोटा निघाला ४६.४ अब्ज.

प्रश्न साधा आहे. तेव्हा तुम्ही भागधारक असता तर राजीनामा मागितला असता का? एकच अट, ‘पुढे स्विच आला ना’ हे उत्तर चालणार नाही. २०१४ मध्ये स्विच कुणालाच दिसत नव्हता.

झोपाळू

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

जॉयस्टिकराव

मी नसता मागितला.

इवाता मे २००२ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा वय ४२. यामाउची घराण्याबाहेरचा पहिला अध्यक्ष. हातात गेमक्यूब हा कन्सोल, जो शेवटी २ कोटी १७ लाखांवर अडकला, आणि समोर सोनीचा प्लेस्टेशन २ नावाचा रणगाडा. निन्टेंडोने आता यंत्रं बनवणं सोडावं आणि फक्त खेळ विकावेत, हे तेव्हाही सांगून झालं होतं. त्या माणसाने आधी हातात धरून खेळायचा डीएस काढला (१५ कोटी ४० लाख), मग वी. दोन्ही वेळा लोक हसले होते. दोन स्क्रीन कशाला, रिमोट हलवून काय खेळायचं, वगैरे.

ज्याचे दोन डाव असे लागले, त्याचा तिसरा फसला म्हणून लगेच घरी पाठवायचं? मग चौथा डाव खेळायला माणूस आणायचा कुठून?

ताळेबंद

@जॉयस्टिकराव, पूर्वपुण्याईवर किती वर्षं काढायची?

आणि फसलेला डाव एकच नव्हता. फेब्रुवारी २०११ मध्ये डीएसचा वारस थ्रीडीएस जपानात २५,००० येनला आला. ऑगस्टमध्ये किंमत १५,००० येन. सहा महिन्यांच्या आत ४० टक्के खाली! ज्यांनी आधी घेतला होता त्यांची समजूत काढायला २० जुने खेळ फुकट वाटावे लागले. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात ४३.२ अब्ज येन निव्वळ तोटा. कामकाजी तोटा तर ते वर्ष धरून सलग तीन वर्षं.

इवातांनी पगार निम्मा केला तो पहिल्यांदा तेव्हा, २०११ मध्ये. २०१४ ची कपात ही दुसरी खेप होती. पहिल्या वेळी मी टाळ्या वाजवीन. दुसऱ्या वेळी विचारीन की साहेब, मधल्या तीन वर्षांत काय शिकलात?

कावळा_उडाला

हा धागा आमच्या साहेबांना पाठवणार होतो. मग आठवलं, पगार निम्मा करायचं ठरलं की ते सुरुवात माझ्यापासून करतील.

नीलपरी

जाहिरातीच्या धंद्यात असल्यामुळे माझा सगळा राग विक्रीवर आहे, यंत्रावर नाही.

जून २०११ मध्ये लॉस एंजेलिसला वी यू पहिल्यांदा दाखवला, ते सादरीकरण अजून बघायला मिळतं. बघाच. पूर्ण वेळ गेमपॅड (हातात धरायचा स्क्रीनवाला कंट्रोलर), गेमपॅड आणि गेमपॅड. मूळ डबा जवळजवळ दिसतच नाही. त्यात नाव जुनंच, शेपटीला एक अक्षर. बघणाऱ्याने काय समजायचं? वीला जोडायचं नवीन काहीतरी आलंय! बरेच जण तेच समजून बसले, आणि हे पुढे इवातांनी स्वतःही मान्य केलं की नुसता जुन्या वीला जोडायचा टॅबलेट असा लोकांचा समज झाला.

त्याहून मोठी गोम अशी की वी ज्यांनी घेतला ते खेळांच्या बातम्या वाचणारे लोक नव्हते. आज्या, आया, वृद्धाश्रमातली मंडळी. बोलिंगसाठी त्यांनी वी घेतला, आणि बोलिंग त्यांच्याकडे होतंच. त्यांना तुम्ही ६.२ इंचांच्या स्क्रीनचा, दोन काड्यांचा, डझनभर बटणांचा गेमपॅड दाखवता. ज्या गोष्टीला घाबरून ते आधी खेळत नव्हते तीच गोष्ट परत समोर.

खडूस_आजोबा

यंत्राचं नाव ऐकून लघवीला जायची आठवण होते असं इंग्रजी पेपरांनी वीच्या वेळी लिहिलं होतं. तो दहा कोटी खपला. नावाने काही होत नाही.

नीलपरी

आजोबा, विचित्र नाव चालतं. आधीच्यासारखंच नाव चालत नाही.

तिसरी_घंटा

वी यूला शिव्या देणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो चारचौघांत खेळला आहे?

वी यूवरच्या निन्टेंडो लँडमध्ये मारिओला पकडायचा एक खेळ होता. एकाच्या हातात गेमपॅड, तो मारिओ. बाकीचे चार टीव्हीकडे बघत त्याच्या मागे. मारिओला आपल्या स्क्रीनवर सगळा नकाशा दिसतो, पाठलाग करणाऱ्यांना फक्त समोरचं. त्यामुळे चौघं ओरडत असतात, ‘पिवळ्यात आहे, पिवळ्यात! नाही, लालकडे वळला!’ आणि गेमपॅडवरचा कॅमेरा त्या मारिओचा चेहरा टीव्हीवर दाखवत असतो. माझी भाची गेमपॅड घेऊन बसली की ओठ घट्ट मिटून घ्यायची. जवळून कुणी गेलं की डोळे मोठे. त्या डोळ्यांवरूनच आम्ही तिला पकडायचो.

हे एका स्क्रीनवर होऊच शकत नाही. कल्पना खोटी नव्हती. असे खेळ पुढे आणखी आले नाहीत, हे दुखणं आहे.

हट्टी_मुंगी

@तिसरी_घंटा, का आले नाहीत ते सांगते. मी खेळ बनवते (मोबाईलवरचे, छोटे), त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे.

१. निन्टेंडोचे स्वतःचे लोक तोवर एचडीमध्ये मोठं काम करत नव्हते. सोनी आणि मायक्रोसॉफ्टवाल्यांनी तो त्रास २००५-०६ मध्ये भोगून घेतला होता. मारिओचे जनक मियामोतो यांनी नंतर सांगितलं की एचडीला माणसं साधारण दुप्पट लागली आणि हा अंदाज आधी आला नाही. परिणाम काय? पिकमिन ३ सुरुवातीच्या महिन्यांत यायचा तो २०१३ च्या उन्हाळ्यात आला. मारिओचा थ्रीडी वर्ल्ड नोव्हेंबर २०१३. मारिओ कार्ट ८ मे २०१४. म्हणजे यंत्र विकत घेऊन दीड वर्ष झालं तेव्हा कार्ट!

२. बाहेरच्यांनी पाय काढला. २०११ च्या त्याच मंचावर खेळ बनवणाऱ्या ईए कंपनीचे प्रमुख जॉन रिचितिएलो येऊन अभूतपूर्व भागीदारीच्या गोष्टी करून गेले. दोन वर्षांत ईए वी यूसाठी काहीच बनवत नव्हती. युबिसॉफ्टचा रेमन लेजेंड्स फक्त वी यूसाठी म्हणून फेब्रुवारी २०१३ ला येणार होता. तयारही होत आला होता. तो ढकलला सप्टेंबरवर आणि बाकीच्या यंत्रांवरही काढला. दुकानात ठेवायला खेळ नाही, अशा महिन्यांत हे झालं.

३. यंत्राची ताकद. नोव्हेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले. दोन्हींची आतली रचना पीसीच्या जवळची. वी यूची जुन्या पॉवरपीसी चिपांच्या घराण्यातली. एकदा लिहिलेलं दोन्हीकडे चालतंय, तर तिसऱ्यासाठी वेगळी मेहनत कोण घेणार, तेही गिऱ्हाईक नसताना?

आणि गेमपॅडचं म्हणाल तर एका यंत्राला दोन जोडता येतील असं सांगितलं होतं. तसा एकही खेळ आला नाही. खुद्द निन्टेंडोलाच त्या स्क्रीनचं काय करायचं ते सुचत नव्हतं. बऱ्याच खेळांत नुसता नकाशा, नाहीतर टीव्हीवरचंच चित्र.

इवाता मुळात प्रोग्रॅमर. एचडीचा भार किती पडेल हे ओळखायची अपेक्षा इतर कुठल्याही अध्यक्षापेक्षा त्यांच्याकडूनच जास्त होती. मी त्यांची चाहती आहे तरी हे लिहिते.

ताळेबंद

+१. वरचा तिसरा मुद्दा सोडला तर सगळं अध्यक्षाच्या टेबलावरचं आहे. तिसराही खरं तर आहेच.

झोपाळू

आलो. वाचून काढलं. त्याच जानेवारीत, तोट्याची बातमी आल्यावर दोन आठवड्यांत, इवातांनी ‘जीवनमान सुधारणारा’ नवा व्यवसाय जाहीर केला होता, ते कुणालाच कसं आठवलं नाही? त्यातलं पहिलं यंत्र उशाशी ठेवायचं. अंगाला न लावता झोप आणि थकवा मोजणार. झोपेच्या आजारांवरची उपकरणं बनवणाऱ्या रेझमेड कंपनीबरोबर चाललं होतं.

२०१६ मध्ये सांगितलं, अजून विकण्याजोगं झालेलं नाही. मी तेव्हापासून झोपून वाट बघतोय.

कावळा_उडाला

झोपाळू, तुम्हाला मोजायला लागलं असतं तर त्या यंत्राचंच आयुष्य संपलं असतं.

अनुस्वार

पगारकपातीवर एवढी चर्चा झाली, पण माझ्या मते महत्त्वाची गोष्ट माणसं न काढणं ही आहे. जून २०१३ च्या भागधारक सभेत इवातांना खर्च कमी करायला नोकरकपात का करत नाही असं विचारलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तात्पुरते आकडे सुधारायला माणसं काढली तर उरलेल्यांचं मनोबल खचतं, आणि उद्या आपली नोकरी जाईल या धास्तीत असलेली माणसं जगाला आवडेल असा खेळ बनवू शकतील असं मला वाटत नाही.

हे ऐकायला सुविचारासारखं वाटतं. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत (नाव नको) यादी लागताना जवळून पाहिलं आहे, म्हणून सांगतो की हे अगदी व्यवहाराचं बोलणं आहे. आमच्याकडे पहिली यादी लागली आणि पंधरवड्यात बैठका शांत झाल्या. आधी ज्या बैठकीत तासभर भांडणं व्हायची ती वीस मिनिटांत उरकायला लागली. ‘हे चुकतंय’ म्हणणारा एक वरिष्ठ होता, तो मान डोलवायला लागला. सहा महिन्यांपेक्षा जास्त लागेल असं काम कुणी अंगावर घेईना, कारण मधेच पुढची यादी आली तर दाखवायला हातात काही नको का? जो तो छोटी, सुरक्षित, पटकन संपणारी कामं शोधायचा. त्या वर्षी आम्ही वेळेवर पुष्कळ काही दिलं. त्यातलं आज एकही वापरात नाही.

आता झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड बघा. २०१५ ला येणार म्हणून सांगितलेला खेळ मार्च २०१७ ला आला. ज्या कंपनीत लोक घाबरलेले आहेत तिथे कुणी ‘अजून वेळ द्या’ म्हणायला धजावेल का, आणि वरचा ‘घ्या’ म्हणेल का?

हट्टी_मुंगी

‘मान डोलवायला लागला’. काटा आला अंगावर. आमच्याकडेही होता असा एक.

ताळेबंद

अनुस्वार, तुमचा अनुभव खरा, त्याबद्दल वाद नाही. पण दोन गोष्टी.

एक, माणसं काढलीच नाहीत हे अर्धसत्य आहे. २०१४ च्या उन्हाळ्यात निन्टेंडो युरोपने जर्मनीतलं ग्रोसओस्टहाइमचं कार्यालय बंद केलं आणि १३० जणांच्या नोकऱ्या गेल्या. क्योतोतल्या खेळ बनवणाऱ्यांना हात लावला नाही, हे म्हणा. त्याचा अर्थ मला कळतो, पण त्या १३० जणांना हळव्या लेखांत जागा नसते.

दोन, हे परवडलं कशामुळे? वी आणि डीएसच्या सुगीत साठवलेली प्रचंड रोकड, डोक्यावर कर्ज नाही. चांगुलपणाला मागे भक्कम तिजोरी होती.

जॉयस्टिकराव

ती तिजोरी भरली कुणी?

ताळेबंद

घ्या. परत पूर्वपुण्याई.

मोडीवाचक

तिजोरी नसली की काय होतं त्याला निन्टेंडोची जुनी प्रतिस्पर्धी सेगा हिच्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

मे १९९५ मध्ये त्यांनी सॅटर्न हा कन्सोल अमेरिकेत ठरलेल्या तारखेच्या चार महिने आधी अचानक विकायला काढला. काही मोजक्याच दुकानांना दिला, बाकीची दुकानं भडकली, खेळ बनवणारे तयार नव्हते. किंमत ३९९ डॉलर. त्याच दिवशी सोनीचा माणूस मंचावर आला, ‘२९९’ एवढंच म्हणाला आणि खाली उतरला. पुढे १९९७ मध्ये सेगा अमेरिकेचे बर्नी स्टोलर सॅटर्न हे आपलं भविष्य नाही असं जाहीर बोलून मोकळे झाले. दुकानात अजून सॅटर्न विकायला ठेवलेत आणि साहेब हे बोलतायत!

मग ड्रीमकास्ट. यंत्र उत्तम. १९९९ मध्ये अमेरिकेत धडाक्यात सुरुवात. पण प्लेस्टेशन २ येणार म्हणून लोक थांबले आणि सेगाकडे तग धरायला पैसा उरला नव्हता. ९१ लाखांवर खेळ खलास. ३१ जानेवारी २००१ ला यंत्र बनवणं बंद केल्याची घोषणा. अध्यक्ष इसाओ ओकावांनी स्वतःच्या मालकीचे सुमारे ६९.५ कोटी डॉलर किमतीचे शेअर कंपनीला देऊन टाकले आणि त्याच मार्चमध्ये ते गेले. पगार निम्मा करण्याचं कौतुक चाललंय म्हणून आठवण करून दिली.

सेगामध्ये खुर्च्या सारख्या बदलत होत्या. अमेरिकेतले कालिन्स्के गेले, स्टोलर आले, स्टोलर ड्रीमकास्ट दुकानात यायच्या आधीच गेले. बदललेल्या प्रत्येक माणसाने आधीच्याचं काम मोडीत काढलं. खुर्ची बदलणं हाच उपाय असता तर सेगा आज पहिल्या नंबरवर असती.

खडूस_आजोबा

छान लिहिलंय मोडीवाचक. निन्टेंडोच्या व्हर्चुअल बॉयचंही लिहा कुणीतरी. १९९५. लाल-काळं चित्र, टेबलावर ठेवून आत डोकं घालायचं, मान मोडायची. साडेसात लाखांच्या आसपास खपला. गेम बॉय बनवणाऱ्या गुनपेई योकोईंचंच अपत्य. वर्षभरात त्यांनी कंपनी सोडली. तेव्हा यामाउची खुर्चीत घट्ट. बॉस राहतो, कारागीर जातो. इवातांच्या वेळी निदान उलटं झालं नाही का, कारागीर राहिले.

सायंतारा

मध्येच विचारते, चालेल ना? भाच्याला वाढदिवसाला काहीतरी द्यायचंय, कुणीतरी जुना वी यू स्वस्तात देतंय. घेऊ का? धागा वाचून दया आली यंत्राची.

तिसरी_घंटा

दया म्हणून घेऊ नका! ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, ऑनलाइन खेळणं एप्रिल २०२४ मध्ये. डिस्कवरचे खेळ मिळत असतील आणि गेमपॅड चालू स्थितीत असेल तरच. गेमपॅड गेला तर यंत्राचं फारसं काही करता येत नाही, सेटिंग्जसुद्धा त्याच्याशिवाय धड बदलता येत नाहीत. आणि चांगले खेळ बहुतेक सगळे स्विचवर आलेतच.

सायंतारा

ओके, मग पुस्तक देते.

कावळा_उडाला

वी यूचं आणखी एक गिऱ्हाईक गेलं. २०२५ नंतरही विक्री घटतेय.

फावला_वेळ

चर्चा छान चाललीय, पण माझ्या प्रश्नाला बगल मिळतेय. जॉयस्टिकराव पूर्वपुण्याई सांगतात, अनुस्वार मनोबल सांगतात. भागधारकाला २०१४ मध्ये समोर काय दिसत होतं? शब्द दिलेला नफा नाही. अमेरिकेत विक्री झोपलेली, आणि वर अमेरिकेतल्या कंपनीचं मुख्य कार्यकारी पदही २०१३ मध्ये इवातांनी स्वतःकडेच घेतलेलं. एका माणसाच्या डोक्यावर किती टोप्या? सगळे विश्लेषक ओरडत होते की मारिओ फोनवर आणा. ते ऐकायला तयार नव्हते.

हट्टी_मुंगी

विश्लेषकांचं नका सांगू बुवा. मार्च २०१५ मध्ये डीएनए या मोबाईल खेळांच्या कंपनीबरोबर करार झाला, मारिओ डिसेंबर २०१६ मध्ये फोनवर आला, तरी कंपनी काही फोनच्या पैशावर उभी राहिली नाही. आणि शेअर बाजाराची अक्कल? जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो आल्यावर शेअरची किंमत दुपटीवर गेली. मग कंपनीने पत्रक काढून सांगितलं की अहो, हा खेळ नायअँटिक या दुसऱ्या कंपनीचा आहे, आमच्या नफ्यावर फारसा परिणाम नाही. लगेच एका दिवसात १७ टक्क्यांहून जास्त घसरण. या मंडळींना पोकेमॉन कुणाचा ते माहीत नव्हतं, आणि यांनी इवातांचा राजीनामा मागायचा?

जॉयस्टिकराव

हसून मेलो.

@फावला_वेळ, दुसऱ्या कंपन्यांनी काय केलं ते बघू. प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये ४९९ आणि ५९९ डॉलरला आला आणि लोकांनी सोनीला धारेवर धरलं. प्लेस्टेशनचा बाप म्हणवणारे केन कुतारागी त्याच डिसेंबरात बाजूला झाले, पुढच्या वर्षी निवृत्त. यंत्र शेवटी ८ कोटी ७० लाखांवर पोहोचलं. मायक्रोसॉफ्टचे डॉन मॅट्रिक यांनी मे २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन दाखवला, सतत इंटरनेट आणि जुन्या डिस्कच्या अटींवरून बोंब झाली, जुलैत साहेब झिंगा कंपनीत गेले. त्यानंतर फिल स्पेन्सर आले, त्यांनी किनेक्ट हा सोबतचा कॅमेरा काढून किंमत ३९९ वर आणली. तरी एक्सबॉक्स वन प्लेस्टेशन ४ च्या आसपासही पोहोचला नाही.

एकदा बदल लागू पडला, एकदा नाही. यावरून काय ठरवणार?

ताळेबंद

हेच की मॅट्रिकनी केलेली घाण उपसायला स्पेन्सरना उशीर झाला होता. बदल वेळेवर हवा.

मोडीवाचक

धागाकर्त्याची अट पाळून एक गोष्ट मांडतो. स्विच न बघता, फक्त तेव्हा जाहीर झालेलं.

फेब्रुवारी २०१३ मध्ये, म्हणजे वी यू येऊन तीनच महिने झाले होते, निन्टेंडोने हातातली यंत्रं बनवणारा विभाग आणि टीव्हीची यंत्रं बनवणारा विभाग एक केला. गेन्यो ताकेदांच्या हाताखाली. त्याआधी अनेक वर्षं दोन वेगळी घराणी होती ही. इवातांनी त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांत यावर बरंच सांगितलं आहे: एका यंत्रासाठी लिहिलेला खेळ दुसऱ्यासाठी नव्याने लिहावा लागतो, त्यात माणसं वाया जातात, पुढच्या यंत्रांचा पाया एक असायला हवा. जानेवारी २०१४ मध्ये, तोट्याच्या त्याच गदारोळात, हे परत बोलले.

हट्टी_मुंगीने वर लिहिलेलं दुखणं हेच ना? खेळ कमी, माणसं कमी, वेळ पुरत नाही. म्हणजे रोग काय आहे हे अध्यक्षाला कळलं होतं आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया सुरूही केली होती. भागधारकाने तेवढं वाचलं असतं तर त्याला दिसलं असतं.

बाय द वे, हे त्यांनी आधीही केलं होतं. १९९३ मध्ये कर्जात बुडालेल्या एचएएल या खेळ बनवणाऱ्या कंपनीचं अध्यक्षपद घेतलं तेव्हा पहिलं काम काय, तर एकेका कर्मचाऱ्याला समोर बसवून बोलायचं. कुठे अडतंय ते आधी शोधायचं.

अनुस्वार

हा मुद्दा भारी आहे. विभाग एक केल्याची बातमी तेव्हा पेपरांत चार ओळींत गेली असणार.

खडूस_आजोबा

मोडीवाचकांचं नाव मोडीवाचक का आहे ते कळलं.

फावला_वेळ

@मोडीवाचक, हे मला अटीच्या आत बसतं, मान्य. तरी माझं एक टोचणं राहतंच. रोग ओळखणारा डॉक्टरच रोग लावून गेला होता. पाया एक हवा हे २०१३ मध्ये सुचलं, तर २०११ मध्ये थ्रीडीएस काढताना आणि वी यू दाखवताना, एकाच वर्षी दोन वेगवेगळ्या दिशांना, काय झालं होतं?

हट्टी_मुंगी

२०११ मध्ये वी अजून खपत होता. खपत असलेलं मोडायची हिंमत कुठल्याच कंपनीत नसते. वी यूने ती दिली असं म्हणता येईल. त्यावर बनवलेले खेळ तर अजून कमावतायत: मारिओ कार्ट ८ वी यूवर ८४ लाखांच्या पुढे गेला, तोच डिलक्स नावाने स्विचवर सहा कोटींच्या वर. (हो हो, अट मोडली. पण फक्त कंसाबाहेर.)

नीलपरी

आणि या वेळी जाहिरात नीट केली! ऑक्टोबर २०१६ ची स्विचची ती तीन-साडेतीन मिनिटांची फीत. एक शब्द नाही. माणूस टीव्हीवर खेळतोय, यंत्र उचलतो, बाहेर जातो, खेळ चालूच. बघणाऱ्याला काय विकत घ्यायचं ते कळलं.

ताळेबंद

ठीक. मत मागितलंय तर मत देतो, म्हणजे धागा दहाव्या पानावर जाणार नाही.

मोडीवाचकांनी दिलेली माहिती समोर असती तर २०१४ मध्ये मी इवातांना अध्यक्ष ठेवण्याच्या बाजूने हात वर केला असता. पण दोन अटींवर. अमेरिकेचं कार्यकारी पद लगेच दुसऱ्याकडे द्या. आणि आकड्यांचे शब्द देऊ नका. १०० अब्जांचा शब्द दिला नसता तर ४६ अब्जांचा तोटा इतका झोंबला नसता. खेळ कसे बनतात हे त्यांना कळायचं, किती विकले जातील हे सांगणारा माणूस शेजारी बसायला हवा होता. जुलै २०१५ मध्ये ते वयाच्या ५५ व्या वर्षी गेले, त्यानंतर सप्टेंबरात खुर्चीत आले किमिशिमा. मूळचे बँकेतले. खेळाची सूत्रं मियामोतो आणि ताकेदांकडे सल्लागार म्हणून राहिली. मला हवी असलेली जोडी तीच होती. फक्त इवाता त्यात असायला हवे होते.

जॉयस्टिकराव

ताळेबंदराव, एवढं तुमच्याकडून वदवून घ्यायला चाळीस प्रतिसाद लागले. बँकवाल्याबद्दल मात्र असहमत. किमिशिमांनी २०१६ च्या नाताळात नवं यंत्र विकायला ठेवलं नव्हतं, स्विच मार्च २०१७ वर नेला. खेळ तयार नव्हते म्हणून थांबले. वी यूच्या वेळी कुणी थांबलं असतं तर हा धागा निघाला नसता. हे हिशेब बघणाऱ्याचं काम नव्हे, खेळ कळणाऱ्याचं आहे.

ताळेबंद

नाताळ सोडून द्यायला किती पैसे लागतात ते हिशेब बघणाऱ्यालाच माहीत असतं. त्यावर नवीन धागा काढा, येतो.